पुंजाजी काका झोपले नव्हते

काकू, काकांच्या दोन्ही लेकी, प्राचार्य सर, व्यासपीठावरची मोठी मंडळी, आणि खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकून, दारात दाटी करून उभे असलेले तुम्ही सगळे.

या हॉलमध्ये एवढी माणसं मी परीक्षेशिवाय कधी पाहिली नाहीत. काका असते तर त्यांनी आधी बाकं लावायला घेतली असती, मग रडायला.

मी निर्मला. याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी. आता खामगावला अकरावी-बारावीला शिकवते. मला पाच मिनिटं दिली आहेत. बोलता बोलता आवाज गेला तर थोडं थांबा, आणि वेळ संपली तरी मला थांबवू नका. मी दोन पानं लिहून आणली होती. पुंजाजी वानखडे मनमिळाऊ होते, हसतमुख होते, कर्तव्यदक्ष होते. सगळं खरं आहे. पण आत आले, हा बॅनर पाहिला आणि ती पानं परत पर्समध्ये ठेवली. माफ करा, मला एका जागी उभं राहता येत नाहीये. या फोटोकडे तोंड करून बोलता येत नाही, आणि त्याच्याकडे पाठ करूनही बोलता येत नाही.

ज्या मुलांनी हा बॅनर केला, त्यांच्यावर माझा राग नाही. मघाशी एकाला विचारलं, हाच फोटो का रे? तो म्हणाला, मॅडम, नेटवर हा एकच मोठा मिळाला, आणि काका किती शांत झोपलेत त्यात. खाली तुम्ही ‘चिरविश्रांती’ लिहिलंय. मनापासून लिहिलंय, कळतं मला. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.

नव्या मुलांसाठी सांगते. हा फोटो सिनेमातला आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आपल्या जळगाव जामोदला, याच कॉलेजात, एका विनोदी सिनेमाचं शूटिंग झालं. कॉलेजातली पोरं, त्यांची मस्ती, प्रेमप्रकरणं, मास्तरांची फजिती, असला सिनेमा. त्यांना मागे डोंगर दिसणारं कॉलेज हवं होतं. सातपुडा काय, आपल्याकडे फुकट उभा आहे. आठ दिवस ते इथे होते आणि आठ दिवस आपण सगळे वेडे झालो होतो. सरसुद्धा रोज नवा शर्ट घालून यायचे. हसा, हसा. काकांनाही हसायला आवडायचं.

आवडायचं म्हणजे काय, आपल्या कॉलेजातला खरा विनोदी माणूस तेच होते. पेपर चालू असायचा, एखादा पोरगा सारखा पायाकडे वाकायचा. काका त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहायचे आणि हळूच विचारायचे, “काऊन बाबू, मोजा चावून राह्यला काय तुले?” पोरगा लाल व्हायचा आणि मोज्यातली चिठ्ठी स्वतःहून काढून द्यायचा. काका ती खिशात टाकायचे आणि पुढे जायचे. त्या पोराचं नाव बाहेर कधी आलं नाही. तीस वर्षांत किती मोज्यांतल्या किती चिठ्ठ्या त्यांच्या खिशात गेल्या, ते या हॉलमधल्या काही जणांना चांगलं माहीत आहे. व्यासपीठावरही एक-दोघं आहेत. मी नावं घेत नाही, काकांनी घेतली नव्हती.

पण पेपर म्हणजे त्यांच्यासाठी पूजा होती. शिपाई होते ते, पण परीक्षेच्या दिवशी हा हॉल त्यांचा. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून. खडूने प्रत्येक बाकावर नंबर टाकायचे. आर्ट्सच्या शेजारी कॉमर्स, कॉमर्सच्या शेजारी आर्ट्स. तीननंतर चार, चारनंतर पाच. संस्थेच्या मोठ्या माणसाचा पोरगा असो की मेंढ्या राखणाऱ्याचा, ज्याचा जो नंबर तीच त्याची जागा. एकदा एका सरांनी सांगितलं, पुंजाजी, अमक्याला जरा खिडकीजवळ बसव. काका म्हणाले, “सर, नंबराले तोंड नसते.” आणि पेपर चालू असताना काका कधी बसले नाहीत. तीन तास उभे. या हॉलमध्ये स्टूल नव्हतंच, कारण त्याची गरज कधी पडली नाही.

आता त्या दिवसाकडे येते. येऊ का?

सिनेमात परीक्षेचा एक प्रसंग होता. हिरो कॉपी करतो आणि वर्गात बसलेला शिपाई घोरतो. त्या कामाचा नट आलाच नाही. मग कोणीतरी काकांच्या मिशा पाहिल्या आणि म्हणाले, हाच. काकांनी साफ नाही म्हटलं. म्हणाले, मी इथे कधी बसलो नाही, झोपू कसा? सिनेमावाल्यांनी समजावलं, अहो, खरंखुरं नाही, खोटं खोटं. काका म्हणाले, पेपर बी खोटा, झोप बी खोटी, मंग मीच काऊन खरा पाहिजे? दुसरा आणा. आणि निघून गेले पाण्याच्या टाकीकडे, नळ दुरुस्त करायला.

इकडे आम्ही याच हॉलमध्ये बसलो होतो. दीडशे पोरंपोरी. आम्हाला सांगितलं होतं, तुम्हीच तुमचा वर्ग, तुम्हीच सिनेमात. मी आईची चांगली ओढणी घेऊन आले होते. आमचा भाजीपाल्याचा मळा, सकाळी वांगी तोडून, हात घासून घासून धुऊन, पहिल्या बसने आले होते. माझ्या शेजारी जमुना. ती वरच्या पाड्यावरची, डोंगरातून दोन तास चालून बसला यायची. जमुना, तू आलीस का गं? दिसली. दारात उभी आहे. आज ही बाई आशाताई म्हणून सहा पाडे सांभाळते.

मग डोक्यावर टोपी घातलेला एक मुलगा ओळींमधून फिरायला लागला. डायरेक्टरचा मदतनीस. तो काही बोलायचा नाही. फक्त खांद्याला बोट लावायचा आणि मागे जायची खूण करायचा. माझ्या खांद्याला बोट लागलं. जमुनाच्या खांद्याला लागलं. आमच्या जागी सिनेमावाल्यांनी बसमधून आणलेल्या सहा गोऱ्या मुली बसल्या, चार गोरे मुलगे बसले. आम्ही सगळ्यात मागे. तिथे दिवा पोचत नव्हता. नसरीनने डोक्यावरून स्कार्फ घेतला होता, तिला तर बाहेरच पाठवलं. टोपीवाला म्हणाला, असू दे ताई, तो वेगळा विषय होतो. ती बाहेर व्हरांड्यात उभी राहिली, वेगळा विषय होऊन.

आणि भास्कर. ज्याच्या पायाला लहानपणी पोलिओ झाला होता, कुबडी घेऊन यायचा. त्याला मात्र तिसऱ्या बाकावरून उचलून पहिल्या बाकावर आणलं. आम्हाला वाटलं, बरं झालं. मग कळलं, हिरोचा मित्र त्याच्या कुबडीला अडखळून पडणार आहे आणि तिथे हसायचं आहे.

मी उठून बाहेर गेले. टाकीमागे जाऊन रडले. खरं सांगते, मी जमुनासाठी नाही रडले, भास्करसाठी नाही रडले. माझ्या ओढणीसाठी रडले. आईला सांगून आले होते ना, मी दिसणार म्हणून.

काका नळाखाली वाकलेले. त्यांनी पाना खाली ठेवला.

“काऊन रडून राह्यली वं?”

मी म्हटलं, “काका, मले उठवलं. माह्या नंबरावरून उठवलं.”

मी असं का म्हटलं, मला माहीत नाही. तिथे कुठला आला नंबर? ती परीक्षा नव्हतीच. पण दुसरं काही मी म्हटलं असतं, मला काळी म्हणून उठवलं, गावंढळ म्हणून उठवलं, तर ते हळहळले असते, पाणी दिलं असतं आणि झालं असतं. नंबरावरून उठवलं हे त्यांना सोसलं नाही. ते हात पुसत सरळ हॉलमध्ये गेले. मी मागे मागे. टोपीवाल्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मी झोपतो. पण आधी माही पोरं आपापल्या नंबरावर बसतीन.”

टोपीवाल्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण ऊन उतरत चाललं होतं, डायरेक्टरला घाई होती. तो म्हणाला, बसवा कसंही, लवकर करा. काकांनी खिशातून खडू काढला. त्यांच्या खिशात खडू असायचाच. एकेका बाकावर नंबर टाकत गेले, एकेकाचं नाव घेत गेले. जमुना पुढून दुसऱ्या बाकावर. मी तिच्या मागे. नसरीनला व्हरांड्यातून बोलावून आणलं, तिचा नंबर मधोमध होता. भास्करला हात धरून तिसऱ्या बाकावर नेलं आणि कुबडी भिंतीला नीट टेकवून ठेवली, कोणी अडखळणार नाही अशी. बसमधून आलेल्या मुलांनाही उठवलं नाही हं. त्यांनाही नंबर दिले, शेवटचे. म्हणाले, हे नवीन ॲडमिशन.

मग कँटीनमधून स्टूल आणलं. आणि पुंजाजी वानखडे या हॉलमध्ये पहिल्यांदा बसले.

चार वेळा ते दृश्य घेतलं. मी समोर होते, मी पाहिलंय. त्यांचे डोळे मिटलेले आणि हात थरथरत होते. डायरेक्टर ओरडला, झोपलेल्या माणसाचे हात कसे हलतात? तेव्हा त्यांना हात मांडीखाली दाबून बसायला सांगितलं. बघा, या फोटोत बघा. हात दिसतायत का कुठे? तुम्हाला शांत दिसतात ना ते? हात मांडीखाली आहेत म्हणून शांत दिसतात.

सिनेमा लागला. खामगावच्या थिएटरला आम्ही आठ-दहा जणी रविवारी गेलो. परीक्षेचा प्रसंग आला, मी जमुनाचा हात धरला. आणि वर्ग भलताच. आमचा वर्गच नाही. नंतर दुसरीकडे कुठेतरी, दुसरी पोरं बसवून त्यांनी तो पुन्हा घेतला होता. सगळे गोरे, सगळे एकाच घरचे असावेत असे. जमुना नाही, नसरीन नाही, भास्कर नाही, मी नाही. आमच्या कॉलेजातलं एकच तोंड ठेवलं होतं त्यांनी. हे. घोरणारं. वरून कोणाच्या तरी घोरण्याचा आवाज लावलेला. मग ते दचकून उठतात आणि म्हणतात, “काय झालं बे?” थिएटर नुसतं शिट्ट्यांनी भरून गेलं.

सिनेमा आपल्या गावात घडतो. अख्खं कॉलेज पुण्याची भाषा बोलतं. आपली भाषा बोलतो तो एकटा झोपेतून उठलेला शिपाई. आणि लोक हसले. का हसले? त्या वाक्यात हसण्यासारखं काय आहे? आपण दिवसातून वीस वेळा ते म्हणतो. मीही हसले. हेही आज सांगून टाकते. बाजूचे सगळे हसत होते, मी पण हसले, आणि मग माझं मलाच कसंतरी झालं.

सोमवारी कॉलेजात आले तर काका गेटवर.

“पाह्यला काय वं सिनेमा?”

“हाव काका.”

“पोरं दिसली?”

काय सांगणार होते मी त्यांना? म्हटलं, “दिसली. सारी दिसली.”

“जमुना?”

“दिसली.”

“भास्कऱ्या कुठी बसेल होता?”

“तिसऱ्या बाकावर, काका.”

ते म्हणाले, “मंग झालं.” आणि घंटा द्यायला गेले.

त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. काका व्हरांड्यातून निघाले की मागून घोरण्याचा आवाज. दरवर्षी नवी पोरं, तोच आवाज. गावात, बाजारात, बसस्टँडवर. लग्नाच्या पंगतीत लोक म्हणायचे, याला जागं करा रे, वरण वाढायचंय. निवृत्तीच्या समारंभात आपण त्यांना ‘आपले फिल्मस्टार’ म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. टाळ्या मीही वाजवल्या. तीस वर्षं जो माणूस पेपर चालू असताना खाली बसला नाही, तो झोपणारा शिपाई म्हणून जिल्हाभर माहीत झाला, आणि का झोपला हे फक्त त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या आम्हा पोरांना माहीत. आणि ज्या वर्गासाठी झोपला तो वर्ग कोणाला दिसलाच नाही. मी मनाला समजवायचे, निदान काकांना तरी वाटतंय ना की पोरं दिसली. तेवढं तरी मी त्यांना दिलंय. खोटं का असेना.

मला विनोदाचं वावडं नाही, गैरसमज नको. मी अजूनही असले सिनेमे बघते, पोट धरून हसते. पण माझ्या वर्गातल्या पोरांना एक काम सांगते. कॉलेजचा कुठलाही सिनेमा लावा, आवाज बंद करा, हिरोकडे बघू नका. दुसऱ्या ओळीत कोण बसलंय बघा. तिसऱ्या ओळीत बघा. तुमच्यासारखं कोणी आहे का? तुमच्या शेजारणीसारखं? आणि असलं तर ते काय करतंय? पडतंय, घोरतंय, की चुकीचं बोलतंय? पोरं घरी जाऊन बघतात. दुसऱ्या दिवशी कोण काय करत होतं ते मला येऊन सांगतात. मला वाटायचं, हे शिकवलं की माझं फिटलं. नाही फिटत.

कारण गेल्या आठवड्यात मी काकूंना भेटायला गेले. मला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. म्हटलं, काकू, मी काकांशी खोटं बोलले, पोरं दिसली नव्हती. काकू, सांगू ना? तुम्ही हो म्हणालात, म्हणून सांगते.

काकू म्हणाल्या, “त्यायले मालूम होतं वं बाई.”

मी म्हटलं, कसं?

सिनेमा शुक्रवारी लागला. काका शुक्रवारीच गेले होते. रजा टाकून, धुतलेला शर्ट घालून, एकटे, बसने खामगावला. पहिलाच खेळ. त्यांनी तो सगळा पाहिला होता. त्या शिट्ट्या त्यांनी थिएटरात बसून ऐकल्या होत्या. माझ्या दोन दिवस आधी. आणि सोमवारी गेटवर उभं राहून मला विचारलं, पोरं दिसली?

मी काकूंना म्हटलं, मग मले विचारलं काऊन?

काकू म्हणाल्या, “त्यायले वाटलं, तू रडत येशीन. तुले समजवाले उभे होते गेटावर. अन तू तं हाव म्हणाली. घरी आले अन म्हणे, पोरगी माह्यासाठी खोटं बोलली. आता तिले हे कधी समजू द्याचं नाई.”

बारा वर्षं. मी त्यांना सांभाळत होते म्हणे. मोज्यातली चिठ्ठी काढून खिशात ठेवावी, तसं त्यांनी माझं खोटं खिशात ठेवलं आणि नाव बाहेर येऊ दिलं नाही.

आता माझं संपत आलं. सर, एक मिनिट.

काकूंनी मला हे दिलंय. काकांचं कॉलेजचं ओळखपत्र. फोटो आहे, बोटाएवढा. यात ते जागे आहेत. फ्लॅशने जरा जास्तच जागे. हा फोटो मोठा होणार नाही, मी स्टुडिओत विचारून आले, फुटतो म्हणे. तेव्हा मी काय करते, हे कार्ड फिरवते. नेहमी आपण समोरच्या सोफ्यापासून सुरू करतो. आज दारापासून करू. जमुना, तू घे आधी. नीट बघ आणि पुढे दे. सगळ्यात शेवटी व्यासपीठावर येऊ दे. व्यासपीठावरच्यांनी रागावू नये, नवीन ॲडमिशन समजा.

आणि पोरांनो, दोघं जण या आणि तो बॅनर उतरवा. फाडू नका, गुंडाळा. तुम्ही प्रेमाने केलाय.

आता आपण दोन मिनिटं उभं राहू. शोकसभेत आपण डोळे मिटतो. आज मिटू नका, माझी हात जोडून विनंती आहे. या माणसाला आपण बारा वर्षं डोळे मिटलेलंच पाहिलं. दोन मिनिटं डोळे उघडे ठेवा. शेजारी कोण उभं आहे ते बघा. मागे कोण आहे ते वळून बघा. कार्ड हातात आलं की त्यांच्याकडे बघा.

काका, सगळे उभे आहेत. कोणी बसलेलं नाही.